परमुलखांतील पेन्शनर : कृपा कीं हक्क?

पुराणांत रुक्मीची एक कथा आहे. श्रीकृष्णानें रुक्मिणीचें हरण केल्यावर तिचा भाऊ रुक्मी त्याच्या पाठलागास निघाला. निघतांना त्यानें प्रतिज्ञा केली कीं, बहिणीला परत आणल्यावांचून कौंडिण्यपुरांत पाऊल टाकणार नाहीं. युद्धांत त्याचा पराभव झाला. प्रतिज्ञा तर मोडतां येईना. म्हणून त्यानें भोजकट नांवाचें नवें नगर वसविलें आणि उरलेलें आयुष्य तेथेंच काढलें. अमरावतीच्या पश्चिमेस पांच कोसांवर असलेलें भातकुली हेंच तें भोजकट, असें वऱ्हाडची परंपरा सांगते. घर असून घरीं जातां येत नाहीं, अशा माणसानें वसविलेलें हें गांव.

रुक्मी राजपुत्र होता. त्याला दुसरें नगर वसवितां आलें. परंतु जन्मभर चाकरी करून थकलेला सामान्य माणूस जेव्हां धन्याच्या मुलखाबाहेर राहावयास जातो, तेव्हां त्याची स्थिति निराळी असते. त्याची भाकरी एका राज्यांत असते आणि चूल दुसऱ्या राज्यांत. भाकरी बंद झाली तर त्यानें कोणाच्या दारीं जावें? त्याला मिळणारें निवृत्तिवेतन ही धन्याची कृपा कीं त्याचा हक्क? आणि त्या हक्कासाठीं एकट्यानें भांडावें कीं दहाजणांनीं मिळून? हे प्रश्न आज लंडन-न्यूयॉर्कला राहणाऱ्या मराठी वृद्धांपुढें उभे आहेत. पण ते आजचे नाहींत. वऱ्हाडच्या मातींत ते दोनशें वर्षांहून अधिक काळ पडलेले आहेत.

इ. स. १८०३ च्या डिसेंबर महिन्यांत वऱ्हाडांत दोन तह झाले. १७ डिसेंबर रोजीं अचलपूरजवळ देवगांव येथें नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांनीं इंग्रजांशीं तह केला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा आपला हक्क सोडला. त्यानंतर तेरा दिवसांनीं, ३० डिसेंबरला, अंजनगांव-सुर्जी येथें दौलतराव शिंद्यांचा तह झाला. दुसऱ्या तहांत एक कलम असें होतें कीं, शिंद्यांच्या पदरच्या कांहीं सरदारांना व कारभाऱ्यांना कंपनी सरकारनें जहागिरी किंवा पेन्शनें द्यावीं. चाकरी शिंद्यांची आणि वेतन कंपनीचें! देणाऱ्याचा हेतु उघड होता. परंतु दोनच वर्षांनीं, नोव्हेंबर १८०५ मध्यें, शिंद्यांशीं नवा तह झाला आणि वर्षाकाठीं पंधरा लक्ष रुपयांचीं हीं पेन्शनें त्या तहानें सोडून देण्यांत आलीं. दौलतरावांना स्वतःला मात्र सालीना चार लक्ष रुपये मिळावयाचे ठरले. ज्यांची नेमणूक बंद झाली त्यांना कोणीं विचारलें नाहीं. तह दोन सरकारांत होता. तो बांधणें व मोडणें दोन सरकारांच्या हातीं होतें. पेन्शनर हा त्या कागदांतला केवळ एक आंकडा होता.

यापेक्षां मोठें उदाहरण ब्रह्मावर्ताचें. जून १८१८ मध्यें दुसरे बाजीराव सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाले. राज्य सोडून दक्षिणेबाहेर राहावें आणि त्याबद्दल स्वतःच्या व कुटुंबाच्या निर्वाहासाठीं सालीना आठ लक्ष रुपयांहून कमी नाहीं इतकें पेन्शन घ्यावें, असा करार ठरला. माल्कमनें फार दिलें, अशी कुरकूर गव्हर्नर जनरलच्या दरबारांत झाली. बाजीराव कानपूरजवळ गंगेच्या कांठीं बिठूर येथें जाऊन राहिले आणि त्यांच्याबरोबर हजारों मराठी माणसें गेलीं. भट, भिक्षुक, कारकून, शिलेदार, आश्रित अशी ती एक मराठी वसाहतच झाली. तिची कायदेशीर स्थितीहि चमत्कारिक होती. बिठूर इंग्रजी मुलखांत. पण बाजीरावांना दिलेली तेथील जागा १८३२ सालीं खास कायदा करून इंग्रजी दिवाणी व फौजदारी न्यायालयांच्या अधिकारांतून वगळण्यांत आली. मान मोठा खरा; परंतु ज्या न्यायालयाचा अंमल आपल्यावर चालत नाहीं, त्याचा आश्रयहि आपल्याला मिळत नाहीं, ही त्या मानाची दुसरी बाजू होती.

ती बाजू १८५१ च्या जानेवारींत बाजीराव वारले तेव्हां कळून आली. पेन्शन बंद झालें. दत्तकपुत्र नानासाहेबांचें म्हणणें असें कीं, करारांत ‘कुटुंबाच्या’ निर्वाहाचा शब्द आहे, तेव्हां नेमणूक वंशपरंपरेची. लॉर्ड डलहौसीचें म्हणणें असें कीं, ती बाजीरावांच्या हयातीपुरतीच होती. एका शब्दाच्या अर्थाचा हा वाद. असे वाद सोडविण्यासाठींच न्यायालयें असतात. पण येथें करार करणारा, त्याचा अर्थ लावणारा आणि पैसा देणारा एकच होता. नानासाहेबांनीं १८५२ च्या अखेरीस कंपनीच्या डायरेक्टरांकडे अर्ज केला, १८५३ सालीं अजीमुल्लाखानाला वकील म्हणून विलायतेस पाठविलें. तो हात हलवीत परत आला. त्याच्याहि आधीं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्यें जाऊन राहिले होते. महाराजांना १८३९ मध्यें पदच्युत करून काशीस पाठविण्यांत आलें. तेथेंच १८४७ सालीं ते वारले. पुढील वर्षीं साताऱ्याचें राज्यहि खालसा झालें. तरी रंगो बापूजी १८५३ पर्यंत, म्हणजे सुमारें चौदा वर्षें, लंडनमध्यें अर्ज करीत, पुस्तिका छापीत, कंपनीच्या भागीदारांच्या सभांतून गाऱ्हाणें मांडीत राहिले. जोसेफ ह्यूमसारख्या पार्लमेंटच्या सभासदानें त्यांची बाजू घेतली. परंतु निकाल विरुद्धच गेला. चिकाटींत, निष्ठेंत अथवा बुद्धींत ते उणे पडले असें कोणी म्हणणार नाहीं. उणीव दुसरीच होती. त्यांच्या मागें कायदा नव्हता आणि मतदारहि नव्हते.

याच १८५३ सालीं वऱ्हाडचें नशीब पुन्हां बदललें. देवगांवच्या तहानंतर वऱ्हाड निजामाकडे गेलें होतें. निजामाच्या नांवानें ठेवलेल्या हैदराबाद कंटिंजंट फौजेचा खर्च थकला, म्हणून २१ मे १८५३ च्या तहानें वऱ्हाड व आणखी कांहीं जिल्हे इंग्रजांकडे लावून देण्यांत आले. इतिहासाच्या पुस्तकांत फौजेच्या खर्चाचा उल्लेख असतो. पण त्या तहांत आणखीहि देणीं मोजलेलीं आहेत. अप्पा देसायांची चौथ, महीपतरामाच्या कुटुंबाची नेमणूक आणि ‘कांहीं मराठे पेन्शनर’. म्हणजे भातकुलीच्या खारपाणपट्ट्यांतल्या कुणब्यानें कापूस-जोंधळा पिकवून जो सारा भरावयाचा, त्यांतून, त्यानें कधीं न पाहिलेल्या पेन्शनरांचा निर्वाह व्हावयाचा, असें त्या तहाचें गणित होतें.

आणि त्या कुणब्याची स्वतःची कायदेशीर स्थिति काय होती? इंग्रज कलेक्टर नव्हे, वऱ्हाडांत ‘डेप्युटी कमिशनर’, सारा घेई. इंग्रजी धर्तीचीं न्यायालयें न्याय देत. पण मुलूख निजामाचा! १९०२ सालीं लॉर्ड कर्झननें निजामाशीं करार करून सालीना पंचवीस लक्ष रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानें घेतलें आणि पुढच्या वर्षीं तें मध्यप्रांताला जोडलें. तरीहि निजामाचें स्वामित्व कागदावर राहिलेंच; १९३६ च्या करारांत तें पुन्हां मान्य केलें गेलें आणि निजामाच्या वडील पुत्राला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. त्यामुळें नागपुरास सरकारी चाकरी करून निवृत्त झालेला वऱ्हाडी मनुष्य आपल्या घरीं अमरावतीस किंवा भातकुलीस परत आला, कीं कायद्याच्या भाषेंत तो ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर राहावयास गेला, असें होई. स्वतःच्या ओसरीवर बसलेला तो माणूस कागदोपत्रीं परमुलखांत असे! व्यवहारांत त्याचें पेन्शन अडलें नाहीं, कारण दोन्हीकडे अंमल एकाच सरकारचा होता. पण माणसाचें वास्तव्य आणि त्याची कायदेशीर जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें वऱ्हाडाइतकें स्पष्ट फार थोड्या प्रांतांत दिसलें असेल.

दरम्यान सरकारनें पेन्शनीबद्दलचें आपलें मत कायद्यांतच लिहून ठेवलें होतें. १८७१ च्या पेन्शन्स ॲक्टानें असें ठरविलें कीं, सरकारनें दिलेल्या पेन्शनीसंबंधीं किंवा नेमणुकीसंबंधीं कोणताहि दावा कलेक्टराच्या दाखल्यावांचून दिवाणी न्यायालयानें ऐकूं नये. सावकारानें पेन्शन जप्त करूं नये, अशी दयाळू तरतूदहि त्याच कायद्यांत आहे. दया होती, दाद मागण्याची वाट मात्र कलेक्टराच्या कचेरींतून जात होती.

आतां चित्राची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. ज्या काळांत बिठूरचा आणि साताऱ्याचा अर्ज फेटाळला जात होता, त्याच काळांत आणि पुढें जवळजवळ शंभर वर्षें, हिंदुस्थानच्या तिजोरींतून परदेशीं राहणाऱ्या पेन्शनरांचा एक मोठा वर्ग नियमानें वेतन घेत होता. हे म्हणजे विलायतेस परत गेलेले इंग्रज अधिकारी. पंचवीस वर्षांची चाकरी झालेल्या सनदी नोकराला वर्षास एक हजार पौंड मिळत आणि ते लंडनमध्यें, पौंडांत. १८७० च्या सुमारास रुपयाचा भाव जवळजवळ दोन शिलिंग होता. त्या हिशेबानें हजार पौंडांस दहा हजार रुपये पडत. पुढें रुपया घसरला आणि शतकाच्या अखेरीस एक शिलिंग चार पेन्स हा दर ठरला. तेव्हां त्याच हजार पौंडांस पंधरा हजार रुपये पडूं लागले. अधिकाऱ्याच्या पेन्शनींत एका पेनीचीहि तूट आली नाहीं. वाढीव पांच हजार रुपये हिंदी रयतेनें भरले. ‘होम चार्जेस’ या नांवानें जाणाऱ्या या पैशाचा हिशेब दादाभाई नौरोजींनीं जन्मभर मांडला. १८९७ सालीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास गोपाळ कृष्ण गोखले लंडनला गेले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सर शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय सभेचें अधिवेशन अमरावतीस भरलें. वऱ्हाडचे दादासाहेब खापर्डे, रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांची पिढी या हिशेबावरच वाढली.

परंतु द्वेष बाजूला ठेवून पाहिलें तर या इंग्रज पेन्शनरांपासून शिकण्यासारखें होतें. त्यांचें पेन्शन एवढें सुरक्षित कां राहिलें? एक तर तें कायद्यांत गोंवलेलें होतें. १९३५ च्या राज्यघटनेच्या कायद्यानें त्याला संरक्षण दिलें. १९४७ च्या हिंदी स्वातंत्र्याच्या कायद्याच्या दहाव्या कलमानेंहि दिलें. दुसरें, ते एकवटलेले होते. पार्लमेंटांत, वृत्तपत्रांत, इंडिया ऑफिसांत त्यांच्या बाजूनें बोलणारी माणसें होतीं आणि त्यांना स्वतःला मत होतें. राज्य गेलें तरी पेन्शन गेलें नाहीं. जुलै १९४८ च्या आर्थिक करारांत हिंदुस्थान सरकारनें आपल्या स्टर्लिंग शिलकेंतून १६ कोटी ८० लक्ष पौंड, म्हणजे सुमारें २२४ कोटी रुपये, देऊन या पेन्शनींची पुढील साठ वर्षांची तरतूद एकरकमी विकत घेतली. आणि १९५५ च्या कायद्यानें ब्रिटिश सरकारनें त्यांची जबाबदारी आपल्या शिरावर घेतली. बाजीरावांच्या कुटुंबाला एका शब्दाचा अर्थ मिळूं शकला नाहीं. आणि येथें मावळत्या साम्राज्याच्या नोकरांना साठ वर्षांची हमी मिळाली. दोहोंतला फरक न्यायाचा नव्हे. कायद्याचा आणि संघाचा आहे.

हिंदी पेन्शनरांना हा धडा पचनीं पडण्यास आणखी चौतीस वर्षें लागलीं. १९७१ सालीं देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, पेन्शन ही सरकारच्या मर्जीवरची देणगी नसून नोकराचा हक्क आहे. मग १९७९ चा प्रसंग आला. केंद्र सरकारनें पेन्शनीचें नवें, उदार कोष्टक काढलें. पण तें ३१ मार्च १९७९ रोजीं किंवा त्यानंतर निवृत्त होणारांनाच लागू केलें. एक दिवस आधीं निवृत्त झालेला जुन्या कोष्टकांत अडकला. निवृत्त अधिकारी डी. एस. नकारा यांनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. त्यांच्याबरोबर एक निवृत्त लष्करी अधिकारी आणि हरिदेव शौरी यांनीं स्थापिलेली ‘कॉमन कॉज’ ही संस्थाहि अर्जदार होती. संस्थेला स्वतःला पेन्शन नाहीं, मग तिला दाद मागण्याचा अधिकार काय, असा आक्षेप निघाला; न्यायालयानें तो मानला नाहीं. म्हातारी, विखुरलेली, निर्धन माणसें एकेकटीं न्यायालयापर्यंत पोंचूं शकत नाहींत. त्यांच्या वतीनें संस्थेनें बोलावें यांत गैर कांहीं नाहीं, हें तत्त्व मान्य झालें. न्यायमूर्ति यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पांच न्यायमूर्तींच्या पीठानें निर्णय दिला, निकालपत्र न्या. डी. ए. देसाई यांनीं लिहिलें. तारखेची रेघ ओढून पेन्शनरांत दोन जाति करणें घटनेच्या चौदाव्या कलमास विरुद्ध ठरलें. निकालाचा दिवस १७ डिसेंबर १९८२. तोच दिवस आज देशभर पेन्शनर-दिन म्हणून पाळला जातो. देवगांवचा तहहि १७ डिसेंबरचाच. योगायोग खरा, पण वऱ्हाडी माणसानें ध्यानांत ठेवावा असा.

हक्क मात्र देशाच्या सीमेपर्यंतच पोंचतो कीं पलीकडेहि, हा प्रश्न उरलाच. त्याचें कटु उत्तर विलायतेंतच मिळालें. ब्रिटनमध्यें जन्मभर विम्याची वर्गणी भरणाऱ्यास म्हातारपणीं सरकारी पेन्शन मिळतें आणि तें दरवर्षीं महागाईप्रमाणें वाढतें. परंतु तो पेन्शनर हिंदुस्थान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांत राहावयास गेला तर वाढ बंद होते. तो अमेरिकेंत किंवा युरोपच्या बहुतेक देशांत राहिला तर चालू राहते. कारखान्यांत किंवा इस्पितळांत तीस-तीस वर्षें राबून म्हातारपणीं मायदेशीं परतलेले भारतीय या ‘गोठलेल्या’ पेन्शनींत सांपडतात. वर्गणी सारखी, काम सारखें. फरक फक्त पत्त्याचा. दक्षिण आफ्रिकेंत राहणाऱ्या ॲनेट कार्सन यांनीं याविरुद्ध दाद मागितली. २००५ मध्यें हाउस ऑफ लॉर्ड्सनें त्यांचा अर्ज फेटाळला. पुढें कार्सन व इतर बारा जण स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयांत गेले; तेथेंहि १६ मार्च २०१० रोजीं अकरा विरुद्ध सहा मतांनीं निकाल विरुद्ध गेला. सामाजिक विमा ही त्या त्या देशांतील रहिवाशांपुरती व्यवस्था आहे, परदेशस्थाची बरोबरी रहिवाशाशीं होत नाहीं, असें बहुमत पडलें. ज्यांनीं एकेकाळीं आपल्या पेन्शनरांस साठ वर्षांची हमी मिळवून दिली, त्यांच्याच देशानें आपल्या परदेशस्थ वृद्धांना हें सांगितलें. कॅनडांतील व ऑस्ट्रेलियांतील ब्रिटिश पेन्शनरांच्या संघटनांनीं तरीहि पार्लमेंटाचें दार ठोठावणें सोडलेलें नाहीं. न्यायालयानें नाकारलेली गोष्ट विधिमंडळाकडून किंवा दोन देशांच्या करारानें मिळूं शकते, हें त्यांना ठाऊक आहे.

मराठी माणसाचे संघ परदेशीं कमी नाहींत. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचें. उत्तर अमेरिकेंतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चें. गणपति, नाटक, दिवाळी हीं या मंडळांचीं आरंभींचीं कामें. पुढें पहिली पिढी उतारवयास लागली तेव्हां बृहन्महाराष्ट्र मंडळानें ‘उत्तररंग’ हा निवृत्तांसाठींचा उपक्रम काढला. त्याची गरज कोणती, हें एका साध्या उदाहरणावरून कळेल. भातकुलीकडचा एखादा गृहस्थ अमेरिकेंत जाऊन तेथला नागरिक झाला असें समजा. आपल्या घटनेस दुहेरी नागरिकत्व मान्य नाहीं. १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्याप्रमाणें त्याचें भारतीय नागरिकत्व त्याच क्षणीं संपलें. परदेशस्थ भारतीयांनीं दुहेरी नागरिकत्व मागितलें. लक्ष्मीमल्ल सिंघवी समितीनें २००२ मध्यें अनुकूल अहवाल दिला. आणि २००५ पासून मिळालें तें ‘ओसीआय’चें कार्ड. या कार्डावर जन्मभर येतां-राहतां येतें. पण मत देतां येत नाहीं आणि शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. बापाचें शेत वारशानें मिळेल. शेजारचा एकर घेतां येणार नाहीं. तो भारतांत परतला तर दहा वर्षांच्या कामावर मिळविलेलें अमेरिकन सोशल सिक्युरिटीचें पेन्शन येथें मिळेल. पण ‘मेडिकेअर’ हा वृद्धांचा आरोग्यविमा अमेरिकेबाहेरच्या इस्पितळाचा खर्च सहसा देत नाहीं.

उलट, येथील निवृत्त शिक्षक किंवा कारकून मुलाकडे परदेशीं जाऊन राहिला, तर त्याचें पेन्शन चालूच राहतें. फक्त दर नोव्हेंबरांत आपण जिवंत असल्याचा दाखला त्याला द्यावा लागतो. पूर्वीं त्यासाठीं वकिलातीची किंवा बँकेची सही मिळवीत थंडीवाऱ्यांत हिंडावें लागे. नोव्हेंबर २०१४ मध्यें ‘जीवन प्रमाण’ ही यंत्रावर अंगठा टेकून दाखला देण्याची सोय निघाली. २०१९ पासून ऐंशी वर्षांवरील वृद्धांना एक महिना आधीं, ऑक्टोबरपासूनच, दाखला देतां येतो. गोष्टी लहान दिसतात. पण ज्याच्या अंगठ्यावरच्या रेषा वयानें पुसट झाल्या आहेत आणि ज्याची बँक सात समुद्रांपलीकडे आहे, त्याला विचारावें!

अंजनगांवच्या कागदावरचा पेन्शनर मुका होता. रंगो बापूजी बोलले, पण एकटे बोलले. नकारा बोलले तेव्हां त्यांच्यामागें घटना होती आणि शेजारीं संस्था होती. म्हणून त्यांचें बोलणें लक्षावधि घरांत पोंचलें. परदेशस्थ वृद्धाचा हक्क अजून असा पुरा झालेला नाहीं. त्याला एका देशाची घटना पुरत नाहीं. दोन देशांतील करार लागतात. बेल्जमशीं केलेला सामाजिक सुरक्षेचा असा करार २००९ सालीं अंमलांत आला आणि त्यानंतर आणखीहि कांहीं देशांशीं झाले. एका देशांत भरलेल्या वर्गणीचीं वर्षें दुसऱ्या देशांत धरलीं जावींत, हा त्यांचा एक मुख्य हेतु. असे करार मागून घ्यावे लागतात, आणि मागणारा एकटा असून चालत नाहीं. मंडळाच्या गणेशोत्सवांत आरतीनंतर प्रसाद वाटतांना दहा वृद्ध एकत्र येतात. त्याच बैठकींत दहा मिनिटें दाखल्याची, वारशाची, विम्याची आणि कराराची चर्चा झाली, अर्जावर दहांच्या सह्या झाल्या, तर रंगो बापूजींच्या चौदा वर्षांचें कांहीं ऋण फिटेल.